आखाडात जळलेला मिक्सर आणि उद्यमनगरातला वाइंडिंगवाला: एका दुरुस्तीचं प्रकरण

गल्लीतल्या चार-पाच जणांनी आत्तापर्यंत विचारलंय की तुमच्या मिक्सरचं नेमकं काय झालतं, आणि प्रत्येक वेळी मी अर्धवटच सांगतो कारण पूर्ण सांगायला अर्धा तास लागतो. म्हणून एकदाच सगळं नीट लिहून काढतोय. वस्तू साधीच आहे, घराघरात असते, पण या एका मिक्सरमुळं मला आपल्या कोल्हापुरातलं एक काम पहिल्यांदा जवळून बघायला मिळालं आणि तेव्हापासून उद्यमनगरातनं, म्हणजे इथल्या छोट्या कारखान्यांच्या भागातनं, गाडी जाताना मी आपोआप हळू घेतो.

आधी मशीनची माहिती. 750 वॅटचा, तीन भांड्यांचा मिक्सर, नावाजलेल्या कंपनीचा, घेऊन सहा वर्षं झालेली. घरात आम्ही पाच माणसं. रोजचं काम म्हणजे सकाळी चटणी, शेंगदाण्याचं कूट, आठवड्यातनं एकदा इडलीचं पीठ, आणि रविवारी मटणाचं वाटण. वर्षाची कांदा-लसूण चटणी आम्ही उन्हाळ्यात डंखावरच (मसाला कुटायच्या मशीनवर) कुटून आणतो, ती कधी मिक्सरवर करत नाही, त्यामुळं मशीनवर फार अत्याचार झालाय असं म्हणता येणार नाही. तरीपण वाटण हे काम सोपं नसतं. भाजलेलं खोबरं, भाजलेला कांदा, तीळ, आलं-लसूण, कोथिंबीर, सगळं घट्ट, आणि आईचं म्हणणं असं की पाणी जास्त घातलं की तांबड्या रश्श्याची चव पाणचट होते, त्यामुळं पाणी घालायचं ते चमच्या-चमच्यानं.

दिवस होता आखाडातला शुक्रवार. कोल्हापूरच्या बाहेरच्यांसाठी सांगतो, आखाडात मंगळवारी आणि शुक्रवारी इथल्या गल्ल्या-गल्ल्या त्र्यंबोलीची, म्हणजे टेंबलाईची, यात्रा करतात, पंचगंगेचं नवं पाणी कलशातनं टेंबलाईच्या टेकडीवर नेऊन देवळाच्या पायऱ्यांवर वाहायचं, पुढं पी-ढबाक वाजत असतं, आणि मग घराघरात मटण. आमच्याकडं त्या दिवशी पाव्हणे धरून बावीस माणसं जेवायला होती. आईनं सकाळी आठ वाजता मोठं भांडं लावलं. पहिला घाणा झाला. दुसऱ्या घाण्याला मशीनचा आवाज जड व्हायला लागला, म्हणजे एरवी जो सुईं असा चढता आवाज येतो तो न येता घुर्रर्र करत राहिलं, आणि बंद पडलं. मिक्सरच्या खाली लाल बटण असतं, ओव्हरलोडचं, ते मी दाबलं, परत चालू केलं, अर्ध्या मिनिटात परत बंद. परत दाबलं. असं तीन वेळा केलं, मध्ये थांबलो नाही, कारण घाई होती आणि खाली पी-ढबाक सुरू झालेलं. चौथ्या वेळी वास आला. वार्निश जळाल्याचा तो वास ज्यानं एकदा घेतलाय त्याला परत ओळखायला वेळ लागत नाही. मागच्या जाळीतनं बारीक धूर आला आणि मशीन गप्प झालं.

त्या दिवशीचं जेवण कसं झालं हे थोडक्यात सांगतो. शेजारच्या वैनींनी त्यांचा मिक्सर दिला, पांढऱ्या रश्श्यासाठी खसखस आणि काजू त्यावर झाले, आणि राहिलेलं तांबड्याचं वाटण आईनं आज्जीच्या पाट्या-वरवंट्यावर काढलं. बावीस माणसं जेवून गेली.

सोमवारी मी मिक्सर घेऊन कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेलो. तिथली मुलं वागायला चांगली होती, हे आधी सांगतो, कोणावर राग काढायला हे लिहीत नाही. त्यांनी फक्त खालचं युनिट ठेवून घेतलं, भांडी नकोत म्हणाले. दुसऱ्या दिवशी फोन आला की मोटर जळलीय, पूर्ण मोटर बदलावी लागेल, 2,900 रुपये मोटर आणि 350 सर्व्हिस चार्ज, पार्ट यायला आठ-दहा दिवस. आणि वर असंही सांगितलं की साहेब सहा वर्षं जुना आहे, थोडे पैसे घालून नवीनच घ्या. तसाच नवीन मिक्सर त्या वेळी 5,400 ला होता. मी जवळजवळ नवीनच घेणार होतो, घरी तसं बोलणं पण झालं.

आत्यानं अडवलं. आत्या शाहूपुरीत कुंभार गल्लीत राहते, आणि 2019 च्या ऑगस्टमध्ये आणि परत 2021 च्या जुलैमध्ये तिच्या घरात पाणी आलेलं. पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पातळी 39 फुटाला गेली की इशारा आणि 43 ला गेली की धोका, हे आकडे आपल्याकडं लहान पोरांना पण पाठ आहेत, आणि त्या दोन्ही वेळेला पाणी धोक्याच्या कितीतरी वर गेलेलं. 2019 ला तिची वॉशिंग मशीन, पाण्याची मोटर आणि मिक्सर तिन्ही गाळात गेले. पाणी उतरल्यावर तिला बऱ्याच जणांनी भंगारात घाला म्हणून सांगितलं, पण उद्यमनगरातल्या एका वाइंडिंगवाल्यानं, म्हणजे जळलेल्या मोटरीत नवीन तार भरून देणाऱ्यानं, पहिलं वाक्य म्हटलं ते तिला अजून पाठ आहे, "आत्त्या, तेवढं वायर प्लगला लावू नकासा, बाकी बघू." त्यानं सगळ्या मोटरी खोलून आधी साध्या स्वच्छ पाण्यानं गाळ धुतला, मग वार्निश वाळवायच्या भट्टीत मंद आचेवर सुकवल्या, मेगरवर इन्सुलेशन तपासलं, आणि मगच करंट दिला. पाण्याची मोटर आणि वॉशिंग मशीनची मोटर दोन्ही वाचल्या. मिक्सरची आधीच कोणीतरी चालू करून बघितलेली म्हणून गेली. ओल्या वाइंडिंगला करंट दिला की शॉर्ट होऊन जळतं, नुसतं भिजलेलं बरेचदा वाचतं. पुरात गेलेल्या किती वस्तू लोकांनी उगीच फेकल्या असतील याचा विचार केला की अजून वाईट वाटतं.

तर आत्या म्हणाली, "नवीन घ्याचंच असलं तर घे, पण आधी त्येला दाखव."

आता दुकान. दुकान म्हणजे दहा बाय बारा फुटाची खोली, बाहेर पाटी पण धड वाचता येत नाही, आत भिंतीभर खिळ्यांना तारेची रिळं अडकवलेली, खाली पंपाच्या मोटरी, फॅनचे स्टेटर, आणि वार्निशचा तो वास. मिस्त्री साठीच्या आसपासचे, सगळे त्यांना मामाच म्हणतात, सोबत आयटीआय केलेला भाचा. मी पिशवीतनं मिक्सर काढून ठेवला आणि जळलाय म्हणून सांगायला लागलो, तर मामांनी मशीनकडं बघितलंच नाही. पहिला प्रश्न काय, "भांडी कुठं हाईत?"

मी म्हटलं भांडी चांगली आहेत, मोटर जळलीय. ते म्हणाले, "मोटर जळलीया ते वासावरनं कळालं की. ती कशानं जळली ते भांड्यात असतंय. जावा, तिन्ही घेऊन या." मी परत घरी आलो आणि तिन्ही भांडी घेऊन गेलो. मंगळवार पेठेतनं उद्यमनगर काही लांब नाही, पण पाऊस असा होता की दोन्ही वेळेला भिजलो.

मामांनी तिन्ही भांडी उलटी करून ओळीनं ठेवली आणि खालचा कपलर, म्हणजे मोटरीवर बसणारी चकती, एका बोटानं टिचकी मारल्यासारखा फिरवला. छोटं चटणीचं भांडं, पाच-सहा वेढे फिरून थांबलं. मधलं, दोन-तीन वेढे. मोठं वाटणाचं भांडं, टिचकी मारली तर हाललं पण नाही. चिमटीत धरून जोर लावून फिरवावं लागत होतं आणि फिरताना करकर असं जाणवत होतं. मला पण फिरवून बघायला लावलं. सहा वर्षं ते भांडं रोज घासलं जातंय घरात, आणि आमच्यातल्या एकानं पण कधी ते बोटानं फिरवून बघितलं नव्हतं.

मग भाच्यानं पातं काढलं, खालचा कपलर काढला आणि भांड्याचा शाफ्ट ठोकून बाहेर घेतला. शाफ्टवर काळपट, चिकट, खडखडीत झालेला थर. मामांनी नखानं खरवडून माझ्या हातावर ठेवला आणि वास घ्या म्हणाले. खोबरं. सहा वर्षांचं वाळलेलं वाटण. मिक्सरचं पातं ज्या शाफ्टवर बसतं तो शाफ्ट भांड्याच्या बुडात एका धातूच्या बुशमध्ये फिरतो, आणि वाटण आत उतरू नये म्हणून वरनं रबरी सील असतं. ते सील कडक होऊन फाटलेलं. मग ओलं वाटण, मीठ, तेल सगळं थोडं थोडं बुशमध्ये उतरत गेलं, आतलं ग्रीस गेलं, त्यात आम्ही भांडं गरम पाणी घालून तासभर भिजवून ठेवायचो, म्हणजे जे काही वंगण उरलं असेल ते पण धुऊन गेलं. बुश एका बाजूनं झिजून लांबट झालेला आणि शाफ्टवर चरे पडलेले.

मामांनी जे सांगितलं ते माझ्या शब्दांत लिहितो. मिक्सरची मोटर ही पंख्यासारखी नसते, ती कार्बन ब्रशची, प्रचंड वेगानं फिरणारी असते, रिकामी असताना मिनिटाला अठरा-वीस हजार फेऱ्यांपर्यंत जाते. तिला अडवलं की ती जास्त करंट ओढते आणि वेग पडला की तिच्या आतल्या पंख्याचा वारा पण कमी होतो, म्हणजे जेव्हा जास्त तापते नेमकी तेव्हाच तिला वारा मिळत नाही. लाल बटण पडतं ते मोटर वाचवायला. पडल्यावर पाच-दहा मिनिटं थांबायचं, भांडं काढून हातानं फिरवून बघायचं, आणि मग दाबायचं. मी तीन वेळा लागोपाठ दाबलं तेव्हा तारेवरचं इनॅमल आधीच मऊ झालेलं, ते वितळून तारेला तार चिकटली, आणि धूर आला. म्हणजे मोटर त्या शुक्रवारी जळली हे खरं, पण जळायला कारण मोठं भांडं, ते बहुतेक वर्षभर तिला ओढत होतं. आणि यातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हा, की मी 3,250 देऊन नवीन मोटर बसवून आणली असती आणि त्यावर हेच भांडं ठेवलं असतं, तर ती पण जळली असती. नवीन मिक्सर घेतला असता तर नवीन भांडी आली असती म्हणून वाचलो असतो, पण का वाचलो हे कळलं नसतं आणि सहा वर्षांनी परत हेच.

आर्मेचर, म्हणजे मोटरीचा आतला फिरणारा तारेचा भाग, खरोखरच गेलंय का हे पण त्यांनी नुसतं बघून ठरवलं नाही. ग्राऊलर म्हणून एक चुंबकाचं यंत्र असतं, त्याच्या खाचेत आर्मेचर ठेवलं, चालू केलं आणि वर हॅकसॉचं जुनं पातं धरून एकेक खाच फिरवली. दोन खाचांवर पातं तडतड थरथरायला लागलं, तिथं आत शॉर्ट. फील्ड कॉइल, म्हणजे बाहेरची न फिरणारी कॉइल, तपासली, ती चांगली निघाली, म्हणजे पूर्ण मोटर बदलायची गरजच नव्हती. मग मला दोन पर्याय दिले. बाजारात तयार आर्मेचर मिळतं, स्वस्त पडतं, पण त्यात कधी कधी अ‍ॅल्युमिनियमची तार असते, किंवा आहे तेच आर्मेचर नवीन तांब्याच्या तारेनं भरून घ्या, दोन दिवस जास्त लागतील. मी भरून घ्या म्हटलं.

बुशची गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. या मॉडेलचा बुश सुटा मिळत नाही, पूर्ण भांडं घ्यावं लागतं. मामांनी जुना बुश आणि शाफ्ट खिशात टाकला आणि आम्ही चालत तीन दुकानं पुढं गेलो. तिथं एक लेथवाला. दोघांचं बोलणं एवढंच, "गनमेटलचा तुकडा हाय काय रं?" "हाय की." लेथवाल्यानं कॅलिपर लावून माप घेतलं, डब्यातनं गनमेटलचा उरलेला तुकडा काढला, चकमध्ये धरला, आणि माझा चहा संपायच्या आत बुश तयार. आतनं रीमर फिरवून घेतला, शाफ्ट आत घालून बोट सोडलं तर स्वतःच्या वजनानं हळूहळू खाली उतरला, लटपट अजिबात नाही. शाफ्टवर चरे होते म्हणून तो पण स्टेनलेसच्या रॉडमधनं नवीन करून दिला. सील आणि कपलर समोरच्या स्पेअरपार्टच्या दुकानातनं. हे सगळं दीडशे पावलांच्या आत. कंपनीच्या माणसाला जो पार्ट मागवायला आठ-दहा दिवस लागणार होते त्याच्याहून अवघड काम इथं एका चहात झालं.

चौथ्या दिवशी मशीन न्यायला गेलो तेव्हा मामांनी तसंच हातात दिलं नाही. करंट मोजायचा क्लॅम्प मीटर लावून माझ्यासमोर चालवलं. भांडं न ठेवता सव्वा अँपिअरच्या आसपास. दुरुस्त केलेलं मोठं भांडं रिकामं ठेवून किंचित वर. मग त्यांनी मुद्दाम दुसऱ्या कोणाचं तरी बुश धरलेलं भांडं तिथंच पडलेलं होतं ते बसवून दोन सेकंद चालवलं, काटा तीनच्या वर. रिकामं भांडं. 750 वॅटच्या मशीनला 230 व्होल्टवर पूर्ण कामाला साधारण सव्वातीन अँपिअर लागतात, म्हणजे आत काही न घालताच ते भांडं मशीनची जवळजवळ सगळी ताकद खात होतं. हे बघितल्यावर आम्हाला समजवायला आणखी काही लागलं नाही, आई पण सोबत होती, ती म्हणाली, "मग दादा, आमी वर्षभर मिक्सरला उगंच शिव्या देत हुतो की."

खर्च असा झाला. आर्मेचर भरणं 650, कार्बनची जोडी 60, बुश आणि शाफ्ट 280, सील आणि कपलर 90, एकूण 1,080 रुपये. मधल्या भांड्याला ग्रीस भरून दिलं त्याचे पैसे घेतले नाहीत.

आता थोडं गावाबद्दल, कारण माझ्या मते हे प्रकरण त्याशिवाय पूर्ण होत नाही. उद्यमनगर हे एकदम उगवलेलं नाही. पंचगंगेच्या आणि भोगावतीच्या काठावर ऊस वाढला, नदीतनं पाणी उचलायला ऑईल इंजिनं आली, गुऱ्हाळाचे चरक आले, ती बिघडायला लागली आणि मुंबई-पुण्याला पार्ट आणायला जाण्यापेक्षा इथंच ओतून, घासून, बसवून द्यायला लोक शिकले. म्हादबा मेस्त्री, वाय. पी. पोवार ही नावं आपल्याकडं जुनी माणसं आदरानं घेतात ती त्याच काळातली. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात बनवला, बाहेरनं मिळत नाही तर करू की, ही वृत्ती तीच. तिथनं पुढं फाउंड्र्या वाढल्या, शिरोली, गोकुळ शिरगाव, आणि आज मोठ्या गाड्यांच्या कंपन्यांना इथलं कास्टिंग जातं. मोठ्या कारखान्यांचं कौतुक पेपरात येतं आणि यायलाच पाहिजे. पण पॅटर्नवाला, ओतकाम करणारा, लेथवाला, वाइंडिंगवाला, स्पेअरपार्टवाला एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असणं ही जी गोष्ट आहे, ती मला या मिक्सरमुळं स्वतःच्या डोळ्यानं दिसली. एकट्या मामांना तो बुश करता आला नसता आणि लेथवाल्याला कळलं नसतं की दोष बुशमध्ये आहे.

यात अडचणी नाहीत असं नाही. पक्कं बिल मिळालं नाही, वहीच्या पानावर लिहून दिलं. वॉरंटी म्हणजे तोंडी शब्द, "काय झालं तर या." वॉरंटीत असलेलं मशीन असेल तर आधी कंपनीकडंच जावं, बाहेर खोललं की ती जाते, हे मामांनी स्वतःच सांगितलं. आणि आता बीएलडीसीचे, म्हणजे सर्किट बोर्डवर चालणाऱ्या मोटरीचे, पंखे यायला लागलेत, जुना पंखा 75 वॅट घेतो तिथं हे तीस-पस्तीसमध्ये चालतात, त्यात वाइंडिंग क्वचित जातं, जातो तो सर्किट बोर्ड. ते काम मामा घेत नाहीत. भाचा मात्र बोर्डचं शिकायलाय, संध्याकाळी दुकान बंद झाल्यावर जुने बोर्ड घेऊन बसतो, मी दोनदा बघितलंय. तो शिकला तर दुकान पुढची तीस वर्षं चालेल, आणि ते चालावं असं मला फार मनापासून वाटतं.

या आखाडात वर्ष झालं. बावीसऐवजी यंदा सव्वीस माणसं होती, तीन घाणे वाटण निघालं, प्रत्येक घाण्यानंतर दोन मिनिटं मशीन थांबवलं, लाल बटण एकदा पण पडलं नाही. भांडी आता भिजत ठेवत नाही, वाटण काढलं की लगेच पाणी घालून एकदा फिरवायचं, ओतायचं आणि उलटं न ठेवता आडवं वाळवायचं. आणि आई भांडं मशीनवर बसवायच्या आधी दर वेळी उलटं करून कपलरला टिचकी मारते. परवा मधलं भांडं एकाच वेढ्यात थांबलं तर तिनं ते बाजूला काढून ठेवलंय, पिशवीत घालून दाराजवळ, उद्या जाताना मामांकडं टाकून जायचंय.